मन्या, रिमोट चांगलाच होता

नागपूर,
१९ जानेवारी

प्रिय मन्या,

तीन वर्षं झाली, तुला पत्र नाही की फोन नाही. तुझे दोन फोन मी मुद्दाम उचलले नाहीत, तेही लक्षात आहे. आज मात्र लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. इकडे सगळे बरे, माझी शुगर आटोक्यात, गुडघा तसाच.

रिमोट चांगला होता. तू दिलेला, कॅमेऱ्याचा. रामटेकला चालला नव्हता तो.

परवा आबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. होम, औक्षण, जेवणाआधी सगळ्यांचा फोटो. बत्तीस माणसं. आबांना ऊन सोसत नाही म्हणून सगळ्यांना ओसरीच्या पायऱ्यांवर सावलीत बसवलं आणि ट्रायपॉड अंगणात उन्हात लावला. आमच्या घरातल्या एकाही फोटोत मी नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? 'तुमच्या अल्बममध्ये तू फक्त जमिनीवरच्या सावलीत दिसतोस' असं तूच म्हणाला होतास आणि आई तासभर हसली होती. या वेळी आबांच्या शेजारी बसायचंच, असं ठरवलं होतं. बसलो, बटण दाबलं. काहीच नाही. हात लांब करून दाबलं, उभं राहून दाबलं. काही नाही. शेवटी मीच उठून कॅमेऱ्यामागे गेलो. फोटोत आबांच्या शेजारची जागा रिकामी आहे, आणि आबांनी तिथे हात ठेवलाय.

रात्री सगळे झोपल्यावर रिमोट घेऊन बसलो. आधी तुझ्यावरच चिडलो, खरं सांगतो. मग सेल बदलला. सीआर-२०२५, तो पातळ. दुकानदार २०३२ देऊन राहिला होता. तो जाड, बसतच नाही. तरी खात्री नव्हती. मग मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबलं. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला. बाप्पा! डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण ते, म्हणजे रिमोट जिवंत होता. कॅमेऱ्याचा मोड रिमोटवर टाकून खोलीतच दाबलं, तर पहिल्या झटक्यात फोटो निघाला.

मग परवा काय झालं? सकाळी अंगणात पुन्हा तसंच मांडून पाहिलं. माझ्या डी-९० कॅमेऱ्याला रिमोटचे किरण टिपणारी खिडकी फक्त समोरच्या बाजूला आहे, आणि परवा नेमकं त्या खिडकीवर ऊन येत होतं. उन्हातही इन्फ्रारेड असतंच, त्या झगमगाटात रिमोटचा सिग्नल बुडतो. वर मी सात-आठ पावलांवर, आणि हा रिमोट चालतो जेमतेम पाच मीटर. खिडकीवर पुठ्ठ्याची सावली धरून दोन पावलं पुढे आलो, की फोटो निघाला. एवढंच असतं तर तुला पत्र लिहिलं नसतं.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद करून परत आलो, बटण दाबलं, आणि सावली असूनही पुन्हा काही नाही. मोड पाहिला तर रिमोटवरून आपोआप साध्यावर गेलेला. पुन्हा लावला, घड्याळ पाहत बसलो. एक मिनिट. फक्त एक मिनिट थांबतो तो, मन्या, मग रिमोटची वाट पाहणं सोडून देतो. मेनूत 'रिमोट ऑन ड्युरेशन' म्हणून आहे, त्यात १, ५, १० आणि १५ मिनिटं आहेत. माझं इतकी वर्षं १ वरच होतं.

आता रामटेक आठव. गडमंदिराच्या पायऱ्या, पहाटेचं धुकं. मी मोड लावला आणि बाळ्याच्या हातचा प्रसाद वानरानं पळवला. बाळ्या त्याच्यामागे, तू बाळ्यामागे, दीपक बुटाची नाडी बांधत. सगळे जमेपर्यंत दहा मिनिटं तरी गेली असतील. मग मी बटण दाबत राहिलो आणि चारचौघांत तुला बोललो की सीताबर्डीवरून डुप्लिकेट माल उचलून आणलास, पाहून घेता येत नव्हतं का. तू काहीच बोलला नाहीस. उतरताना पूर्ण रस्ता बोलला नाहीस. त्यात धुक्यामुळे फोकसही लागत नसेल, आणि फोकस लागला नाही तर ऑटोफोकसवर शटर उघडतच नाही. मॅन्युअलवर टाकायला पाहिजे होतं. ते मला तेव्हाही माहीत होतं.

बाळ्या गेल्यावर वहिनींनी आपल्या पाचांचा फोटो मागितला होता. मी म्हणालो, रिमोट खराब होता. त्यांनाही तेच सांगितलं मी. काल त्यांच्याकडे जाऊन खरं काय ते सांगून आलो. त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, 'मनोहर भाऊजींना कळवलंत का?' म्हणून हे पत्र.

माफ कर. दुसरा शब्द नाही माझ्याजवळ.

तर्री पोह्यावरचं भांडण मात्र वेगळं, ते मी मागे घेणार नाही. तर्री वरूनच पाहिजे, वाटीत वेगळी नाही.

तुझी बदली झाल्याचं दीपककडून कळलं. घर मिळालं का? चिनूची दहावी याच वर्षी ना? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का, कळव. त्यांना माझा नमस्कार.

रिमोटमधला सेल काढून वेगळा ठेवलाय, गळू नये म्हणून. मेनूत १५ मिनिटं लावून ठेवली आहेत. आबा विचारून राहिले, मन्या कधी येतो.

तुझा,
सुध्या