संदेश थांबतो कसा, हे शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

संप्रेरकांचे (हार्मोन्सचे) ग्राही, म्हणजे त्यांना ओळखून धरणारी प्रथिने, पेशीच्या आत संदेश कसा पोचवतात, हे तुम्ही ज्या निष्ठेने शिकवलेत, त्याबद्दल तुमचे जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ॲड्रेनॅलिन यकृताच्या पेशीत शिरत नाही. ते पेशीच्या पटलावरच्या, म्हणजे बाहेरच्या आवरणावरच्या, ग्राहीला बाहेरूनच जोडले जाते, तरीही आत ग्लायकोजेनचे, म्हणजे साठवलेल्या साखरेचे, विघटन सुरू होते. हे कसे घडते, ते तुम्ही तयार आकृती न दाखवता शास्त्रज्ञ अर्ल सदरलँड यांच्या प्रयोगातून उलगडलेत. यकृताच्या पेशी वाटून पटलांचे तुकडे वेगळे काढले, की उरलेल्या द्रवावर संप्रेरकाचा काहीही परिणाम होत नाही; मात्र त्या तुकड्यांवर संप्रेरक आणि एटीपी हा पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू घातल्यावर जो लहानसा, उष्णतेनेही न बिघडणारा रेणू तयार होतो, तो द्रवात मिसळताच परिणाम दिसू लागतो. हा रेणू म्हणजे सायक्लिक एएमपी. त्यासाठी सदरलँड यांना १९७१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ग्राही आणि हा रेणू तयार करणारे विकर (एन्झाइम) यांच्यामध्ये निरोप पुढे नेणारे जी-प्रथिन असते, हे पुढे मार्टिन रॉडबेल आणि आल्फ्रेड गिलमन या शास्त्रज्ञांच्या कामातून स्पष्ट झाले.

पण तुमचे खरे ऋण याच्या पुढे सुरू होते. संदेश सुरू कसा होतो, हे पुस्तकातही सापडते. तो थांबवतो कोण, हा प्रश्न तुम्ही प्रत्येक टप्प्यावर विचारायला लावलात. जी-प्रथिन स्वतःशी जोडलेल्या जीटीपी या रेणूचे जीडीपी या दुसऱ्या रेणूत रूपांतर करून स्वतःच शांत होते, सायक्लिक एएमपीला फॉस्फोडायएस्टरेज हे विकर तोडते, आणि ग्राहीवर फॉस्फेट बसले की ॲरेस्टिन हे प्रथिन त्याला चिकटून जी-प्रथिनाची वाट अडवते. यातली एक जरी सोय निकामी झाली तर काय होते, हे तुम्ही कॉलऱ्याच्या उदाहरणाने दाखवलेत: जंतूचे विष जी-प्रथिनाची थांबण्याची क्षमताच हिरावून घेते, आतड्याच्या पेशींत सायक्लिक एएमपी वाढतच राहते, आणि क्लोराइडपाठोपाठ शरीरातले पाणी आतड्यात ओतले जाते. एका रेणूतला बिघाड माणसाला काही तासांत मृत्यूच्या दारात नेऊ शकतो, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट समजले.

कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके पटल ओलांडून आतल्या ग्राहीला भेटतात आणि तो ग्राही केंद्रकात जाऊन जनुकांचे काम बदलतो. हा मार्ग वेगळा आणि संथ आहे, तरी त्यालाही मी आज तुमचाच प्रश्न विचारते. इन्सुलिनच्या ग्राहीबद्दल वाचतानाही त्याने बसवलेले फॉस्फेट कोण काढते, हेच मी आधी शोधते. अभ्यासाची ही सवय तुम्ही लावलीत, बाई, आणि त्यासाठी मी तुमची मनापासून ऋणी आहे.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी