प्रिंटर पोर्टवर पात्र पळवायचं तर

प्रिय सुहास,

पडद्यावरचं पात्र बटणांनी हलवायला जुन्या डॉसच्या मशीनचा गेम पोर्ट (जॉयस्टिकचा) घ्यावा की प्रिंटरचा, असं विचारलंयस. डोळे झाकून प्रिंटरचा घे. गेम पोर्टवर जॉयस्टिकची दांडी किती कललीय हे थेट कळतच नाही. ५१३ या पत्त्यावर काहीही लिहायचं आणि दांडीचा बिट परत शून्य व्हायला किती वेळ लागतो ते मोजत बसायचं: साधारण २४ मायक्रोसेकंद, वर दांडीच्या रेझिस्टन्सच्या दर किलोओहमला ११. लूपच्या फेऱ्या मोजून भागवलंस तर प्रोसेसर बदलला की मापं बदलतात, आणि मधेच इंटरप्ट आला (प्रोसेसर क्षणभर दुसऱ्या कामाला गेला) की पात्र विनाकारण उडी मारतं. विमानाच्या खेळाला ठीक आहे. चार दिशांना पळणाऱ्या पात्रासाठी ही उठाठेव कशाला?

प्रिंटर पोर्टवर पाच इनपुट आयते मिळतात, आणि आपल्याला हवेतही पाचच: चार दिशा आणि गोळीचं बटण. डेटाचा पत्ता बहुतेक मशीनवर ८८८, त्यापुढचा ८८९ स्टेटसचा. वाचायचा तो हा दुसरा. खात्री करायची तर क्यूबेसिकमध्ये (डॉससोबत येणारी बेसिक भाषा) मेमरीचा सेगमेंट ६४ धरून ८ आणि ९ नंबरचे बाइट पीक कर, म्हणजे वाच. दुसऱ्याला २५६ ने गुणून पहिल्यात मिळवलंस की खरा पत्ता हातात येतो.

जोडणी अशी: वर १० नंबरच्या पिनला, खाली १२ ला, डावीकडे १३ ला, उजवीकडे १५ ला आणि गोळी ११ ला. प्रत्येक स्विचचं दुसरं टोक जमिनीला, म्हणजे १८ ते २५ पैकी कुठल्याही पिनला. एवढ्यावर बऱ्याच बोर्डांवर चालूनही जातं, कारण आत पुल-अप, म्हणजे न दाबलेली पिन एकवर ओढून ठेवणारे रेझिस्टर, असतात. पण त्यांच्या भरवशावर राहू नकोस. नसले तर पिन लोंबकळत राहते आणि नुसता हात जवळ नेला तरी पात्र थरथरतं. म्हणून प्रत्येक इनपुटला १० किलोओहमचा रेझिस्टर लावून त्याचं दुसरं टोक २ ते ६ या डेटा पिनांना एकेक करून जोड, आणि प्रोग्राम सुरू होताच ८८८ वर २५५ लिही, म्हणजे सगळ्या डेटा पिना एकवर राहतील. पाच रेझिस्टर एकाच पिनवर लादू नकोस. जुन्या पोर्टची डेटा पिन वर ओढताना जेमतेम अडीच मिलिअँपिअर देते.

स्विचच्या वाटेत ३३० ओहमही घाल. चैन नाही ही. कनेक्टरचे नंबर तोंडाच्या बाजूने आणि सोल्डरच्या बाजूने उलटे दिसतात. चुकीच्या बाजूने मोजलंस तर १० ची ४ होते, ११ ची ३, आणि बटण दाबताच डेटा पिन थेट जमिनीला टेकते. पोर्ट जातो तो असाच. प्लास्टिकवर कोरलेले बारीक आकडे भिंगाने वाच, मल्टिमीटरने तपास, आणि मशीन बंद करूनच कनेक्टर खोच.

आता बिट. वर ६४, खाली ३२, डावीकडे १६, उजवीकडे ८, गोळी १२८. पहिले चार दाबल्यावर शून्य होतात. ११ नंबरची पिन मात्र पोर्टच्या आतच उलटवलेली, त्यामुळे गोळी दाबली की एक. ही विसंगती एका फटक्यात मिटते: वाचलेल्या आकड्याचा १२० शी एक्सॉर कर (पहिले चार बिट उलटतात), मग २४८ शी अँड (खालचे तीन पुसले जातात). दाबलेलं सगळं एक, न दाबलेलं शून्य. खालचे तीन बिट आपल्या कामाचे नाहीत, मशीनगणिक बदलतात, अँड त्यांच्यासाठीच.

काहीही न दाबता गोळीचं बटण सतत दाबलेलं दिसलं तर स्विच उकलत बसू नकोस. पत्ता चुकलाय. जिथे काहीच नाही तिथून सहसा २५५ येतो, आणि त्यावर वरची क्रिया केली की बरोबर १२८ उरतो.

वाचन दर फ्रेमला एकदाच कर आणि तोच आकडा सगळीकडे वापर. ३२० बाय २०० च्या व्हीजीए मोडमध्ये पडदा सेकंदाला ७० वेळा उमटतो, म्हणजे दोन वाचनांत १४ मिलिसेकंद. स्विचची थरथर बहुधा तेवढ्यात विरते. पडद्याची वाट बघायला ९८६ या पत्त्याचा ८ चा बिट वाच. चालीसाठी उजव्या बटणाच्या एक-शून्यातून डाव्या बटणाचं एक-शून्य वजा कर, दोन्ही दाबले तर आपोआप शून्य. तिरक्या चालीत दोन्ही वेग ०.७ ने गुण, नाहीतर पात्र कोपऱ्याकडे जास्तच जोरात पळतं. गोळीला मागच्या फ्रेमचा आकडा जपून ठेव: आता एक आणि मागे शून्य असेल तरच गोळी झाड.

हे सगळं शुद्ध डॉसमध्ये. विंडोज एनटी, २००० किंवा एक्सपी साध्या प्रोग्रामला पोर्टला हात लावू देत नाहीत, मधे ड्रायव्हर लागतो. लिनक्सवर रूट (मुख्य वापरकर्ता) होऊन आधी आयओपर्म, म्हणजे पोर्टला हात लावायची परवानगी, मागावी लागते. यूएसबीची प्रिंटर केबल घेऊ नकोस. तिला ८८८ हा पत्ताच नसतो.

पात्र काढण्याआधी २४८ शी अँड केलेला कच्चा आकडाच पडद्यावर छाप. स्वस्थ असताना १२०. वर दाबलं की ५६, खाली ८८, डावीकडे १०४, उजवीकडे ११२, गोळीला २४८. यापेक्षा वेगळं काही दिसलं तर कुठलं बटण आणि कुठला आकडा, एवढंच कळव.

तुझा,
मंगेश