बापूच्या गोळ्यांबद्दल

ती. आई व नाना,
सा. न.

आखाजीला बापूला फिट आली तेव्हा मी अंगणात झोक्यावर होते आणि ओट्यावरून तुझी हाक आली, आई, "काय व्हयनं मन्हा पोऱ्याले!" इथे नाशिकला आले तरी ती हाक कानातून जात नाही. कुणी चप्पल नाकाशी धरली, कुणी दातांत चमचा घातला. घाबरलेली माणसं ऐकलेलंच करतात, मी कुणाला बोल लावत नाही. पण पुन्हा वेळ आली तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर लगेच गाडी काढा.

नाना, परवा तुम्ही म्हणालात, "एकदाच आली, उन्हाने आली असेल, गोळ्या बंद करू." फोनवर मला रडू येतं, म्हणून लिहिते आहे.

जळगावला त्या रात्री साखर, सोडियम, सीटी स्कॅन सगळं ठीक आलं. अंगात तापही नव्हता. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना "ईईजी नंतर ओपीडीत करा" म्हणून घरी पाठवता आलं असतं. त्यांनी ठेवून घेतलं आणि सकाळी आठलाच ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख काढला. फिटनंतर पहिल्या 24 तासांत काढला तर दोष सापडण्याची शक्यता जास्त असते, दिवस गेले की ती कमी होते.

आईला वाटलं तारा लावून शॉक देतात. नाना, तुम्ही जन्मभर वायरमन होतात, तुम्हीच तिला समजवा. ते मशीन वीज देत नाही, मेंदूतली मोजतं, तीही व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात. अर्धा तास डोक्याला वीसेक तारा चिकटवल्या, दीर्घ श्वास घ्यायला लावले, डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवला. बापू अगदी शुद्धीत होता, मला "ताई, भूक लागली" म्हणाला, आणि त्याच वेळी पडद्यावर डाव्या बाजूच्या रेषांत टोकदार उसळ्या उठत होत्या. मी स्वतः पाहिल्या. बाहेरून पोरगा धडधाकट, आत लाइन फॉल्टी.

पहिल्या फिटनंतर शंभरातल्या साधारण 21 ते 45 जणांना दोन वर्षांत दुसरी येते. आलेखात अशा उसळ्या असतील तर धोका आणखी वाढतो. म्हणून गोळ्या आहेत. आलेख नॉर्मल आला असता तरी मी बिनघोर झाले नसते, कारण मिरगी असलेल्या कितीतरी जणांचा पहिला आलेख नॉर्मलच येतो. इथे तर दोष समोर दिसला आहे.

तुमची खरी काळजी त्याच्या लग्नाची आहे, हे मला कळतं. 1999 साली हिंदू विवाह कायद्यातून मिरगीची अट काढून टाकली आहे. पण मुलीकडच्यांना आपण आधी सांगायचं, नाना. माझ्या बाबतीत कुणी असं लपवलं असतं तर तुम्हाला चाललं असतं का?

रात्रीच्या लाइटीला केळीत मोटार चालू करायला त्याला एकट्याला पाठवू नका. विहिरीच्या कडेला तर नाहीच. मोटारसायकलची चावी डॉक्टर हो म्हणेपर्यंत आईच्या डब्यात राहू दे. रात्रीची गोळी जेवणाच्या ताटाशेजारी ठेव, आई, म्हणजे चुकणार नाही.

पुढच्या तारखेला मी आदल्या रात्री येते. आलेखाची फाइल माळ्यावर टाकू नका, ती लागेल.

तुमची,
ताई