पाटीवर माळ्याचंही नाव हवं

महोदय,

फुलांच्या भव्य शिल्पांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. छायाचित्रं सुरेखच होती. शिल्पकारांची नावं आली, उंची आली, बघ्यांची गर्दी आली. पण ती फुलं जगवतं कोण, याबद्दल एक ओळही सापडली नाही. माझी ३२ वर्षं रोपवाटिकेत आणि बागेत गेली, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयासमोर अमेरिकन शिल्पकार जेफ कून्स यांचं 'पपी' हे फुलांचं शिल्प आहे. १९९२ मध्ये ते जर्मनीतल्या आरोल्सनला प्रथम उभं राहिलं, १९९७ पासून बिल्बाओत आहे. उंची १२ मीटरहून अधिक. लोकांना त्यात कुत्र्याचं गोड पिल्लू दिसतं. माझी नजर जाते ती पोलादी सांगाड्यावर तोलून धरलेल्या मातीकडे, तिला आवळून बसलेल्या कापडाकडे, पोटातून फिरवलेल्या पाण्याच्या नळ्यांकडे. सुमारे ३८ हजार रोपं त्यावर हातानं लावलेली असतात आणि वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरच्या सुमारास, सगळी बदलतात. उन्हाळ्यात बेगोनिया, पेटुनिया वगैरे, थंडीत पॅन्सी. दर सहा महिन्यांनी माळी हे शिल्प पुन्हा घडवतात असंच मी म्हणेन. २०२१ मध्ये आतली पाण्याची व्यवस्था बदलायची वेळ आली, तेव्हा एवढ्या नामांकित संग्रहालयानंही लोकांकडे वर्गणी मागितली होती.

उभ्या मातीत रोप जगवणं काय असतं, ते मी हातानं अनुभवलंय. एका संस्थेसाठी आम्ही १४ फुटी मोर केला होता. उद्घाटनाच्या दिवशी तो इतका देखणा दिसत होता की आमच्यातल्या दोघींना रडू आलं. तिसऱ्या आठवड्यात मानेखालचा हातभर पट्टा तपकिरी पडला. बोट खुपसून पाहिलं तर माती भुग्यासारखी कोरडी. पोटाखाली मात्र चिखल, आणि मुळं कुजल्याचा तो ओळखीचा वास. पाणी खालीच ओघळणार, त्यात वरचे ड्रिपर, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या, क्षारानं तुंबलेले. रोज शिडीवर चढून पाहणारी दोन माणसं ठेवा, असं मी आधीच लिहून दिलं होतं. 'उद्घाटन झालं, आता माणसं कशाला?' हे उत्तर मिळालं. दीड महिन्यात सगळी रोपं उपटून टाकली. जाळीचा सांगाडा उरला आणि त्याच्या पायाशी शिल्पकाराच्या नावाची पितळी पाटी. 'फुलांचं आयुष्य तेवढंच,' असं आम्हाला ऐकवण्यात आलं. ते खरं नव्हतं. सुकलेली फुलं खुडत राहिलं, पाणी नीट दिलं, तर पेटुनिया तीन-चार महिने सहज फुलतो. त्या वाक्याचा सल अजून गेलेला नाही.

धातूचं फूल केलं की ही कटकट संपते, असंही कोणी समजू नये. अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसमध्ये एदुआर्दो कातालानो या वास्तुरचनाकारानं शहराला भेट दिलेलं 'फ्लोरालिस हेनेरिका' २००२ पासून उभं आहे. २३ मीटर उंच, १८ टन वजन. सकाळी पाकळ्या उघडाव्यात, रात्री मिटाव्यात अशी त्याची यंत्रणा. ती बंद पडली आणि फूल कित्येक वर्षं उघडंच राहिलं. २०२३ च्या डिसेंबरात वादळानं पाकळ्याही मोडल्या. पोलादालाही राखणारा लागतोच.

याउलट नेदरलँड्समधलं झुंडर्ट हे गाव पाहा. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तिथे डेलियाच्या फुलांनी मढवलेली अवाढव्य चित्ररथ-शिल्पं रस्त्यावर येतात. १९३६ पासूनची ही प्रथा. डेलिया तिथलीच माणसं शेतात वाढवतात, तीच खुडतात आणि तीच रात्रंदिवस एकेक फूल रथावर ठोकतात. फुलं चार दिवसांत कोमेजतात, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही, कारण पुढच्या वर्षीचं काम लगेच सुरू होतं. सार्वजनिक कला म्हणताना मला हेच डोळ्यांसमोर येतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. असं शिल्प ज्या कागदावर मंजूर होतं, त्याच कागदावर पाण्याची, शिडीची आणि माणसांच्या पगाराची पुढच्या पाच वर्षांची तरतूद लिहिलेली असावी. शिल्पकाराच्या नावाखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, रोपं लावणाऱ्यांची नावं यावीत.

आणि आपला प्रतिनिधी पुढच्या वेळी अशा शिल्पाबद्दल लिहायला गेला, तर त्यानं सकाळी पाणी सोडायच्या वेळेला जावं. शिडीवर कोणीतरी असेलच, त्यांच्याशी आधी बोलावं.

आपला,
एक निवृत्त उद्यान पर्यवेक्षक