पांडुरंगाला बंडखोर म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही वाढत्या वयातल्या मुलांसाठी कादंबऱ्या सुचवल्यात, त्यात भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' बघून बरं वाटलं. १९६३ साली आलेल्या पुस्तकाला अजून तरुण वाचक मिळतात, हे काही थोडंथोडकं नाही. पण खाली जो दोन ओळींचा परिचय छापलाय, 'प्रस्थापितांविरुद्ध बंड करणाऱ्या तरुणाची कहाणी', तो वाचून हे पत्र लिहायला बसले.

या कादंबरीच्या नायकानं, पांडुरंग सांगवीकरानं, बंड कधी केलं हो? खानदेशातल्या गावाहून पुण्याला आला, पहिलं वर्ष बुजून काढलं. मग त्याच्या लक्षात आलं की गप्प बसणाऱ्याला इथे कुणी विचारत नाही. म्हणून वादविवाद मंडळाचा सेक्रेटरी झाला, हॉस्टेलचा प्रीफेक्ट झाला, गॅदरिंगचं नाटक बसवलं, भेटेल त्याला चहा पाजला. शेवटी डोक्यावर देणी, परीक्षेचा बोजवारा, आणि वडिलांनी हात आखडता घेतलेला. याला बंड म्हणायचं तर निम्मं हॉस्टेल बंडखोर ठरेल. चारचौघांसारखं वागायचा त्यानं मनापासून प्रयत्न केला आणि तो जमला नाही, एवढंच. अर्पणपत्रिकेत 'शंभरातील नव्व्याण्णवांस' असं लिहिलंय ते उगीच नाही. बंडखोर हा उरलेला शंभरावा असतो.

मी 'कोसला' वाचली ती थोरल्या भावाच्या ट्रंकेतून काढून, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, कॉलेजात असताना. पहिल्याच ओळीत स्वतःचं वयसुद्धा उदाहरणादाखल सांगणारा नायक मी तोवर पाहिला नव्हता. हसून हसून पुरेवाट झाली. पण हसता हसता हेवाही वाटत होता, आणि तो कशाचा हे कळायला वेळ लागला नाही. नापास व्हायची चैन पांडुरंगाला परवडत होती! वर्षं वाया घालवायची, वडिलांचे पैसे उडवायचे, वर वडिलांवरच चिडायचं, आणि सगळं संपलं की घरी परत यायचं, घर असतंच. माझा एक विषय राहिला असता तर पुढचं वर्ष कॉलेजात गेलं नसतं. स्थळं सांगून येतच होती. भाऊ मात्र हेच पुस्तक उशाशी घेऊन झोपायचा आणि 'हे आपलंच आहे' म्हणायचा. त्याचं होतंच ते.

तरीही ही कादंबरी मी सोडू शकले नाही, ती मनीमुळे. त्याची धाकटी बहीण. देवीच्या रोगानं ती मरते. तोपर्यंत पांडुरंग कशालाही हात झटकून पुढे जात असतो, सगळ्याची टर उडवत असतो. मनीपाशी ते जमत नाही. एवढी चालती जीभ असलेला मुलगा तिथे नुसता तळमळतो, घरच्यांवर संतापतो, स्वतःवर संतापतो. शोक करायची रीत त्याला माहीत नाही, आणि लेखकानंही ती त्याला आयती पुरवलेली नाही. नेमाडे स्वतः तेव्हा पंचविशीतले, पांडुरंगाच्याच वयाचे. मागे वळून शहाणपण सांगायला लागणारं अंतरच मध्ये नव्हतं, आणि माझ्या मते पुस्तक टिकलं ते त्यामुळेच.

आजच्या मुलांना इथे थोडं सांगावं लागेल. माझ्या दंडावर देवी काढल्याचा, म्हणजे त्या रोगाची लस टोचल्याचा, वण आहे. त्यांच्या आईवडिलांच्याही दंडावर बहुतेक नसेल. देवीची लस मुंबईत पहिल्यांदा टोचली गेली ती १८०२ साली, तीही तीन वर्षांच्या एका मुलीलाच. देशभरची देवी निर्मूलन मोहीम मात्र सुरू व्हायला १९६२ उजाडलं, म्हणजे 'कोसला' यायच्या आदल्या वर्षी. आणि देशातला शेवटचा रुग्ण सापडला १९७५ मध्ये. तेव्हा मनीचं मरण हा दैवाचा घाला म्हणून सोडून देता येत नाही. उपाय दीडशे वर्षांपासून होता, त्या घरातल्या लहान मुलीपर्यंत तो पोचला नाही. पांडुरंगाचा संताप या जाणिवेनं वाचला की नुसता भावाचा शोक राहत नाही.

त्याच भरात त्याच्या मनात येतं की मनीबरोबर तिच्यापुढे जन्माला येणाऱ्यांची सगळी साखळीच तुटली, आणि यात तो जणू तिची सुटका बघतो. विसाव्या वर्षी मला हे भयंकर वाटलं होतं. पटत आजही नाही. मेलेल्या मुलीला 'सुटली' म्हणणं भावाला सोपं असतं. तिला काय हवं होतं हे कुणी विचारलेलं नसतं. पण घरातल्या बायकांचं जिणं त्यानं इतकी वर्षं पाहिलं होतं, हे पहिल्यांदा कळतं ते इथे. एरवी आई आणि बहिणी त्याच्या गोष्टीत कडेकडेनं वावरतात.

शेवटच्या भागाबद्दल, गावात परतल्यावरच्या रिकाम्या दिवसांबद्दल, समीक्षकांनी पुष्कळ लिहिलंय. मला तो अजूनही लांबलेला वाटतो.

तर दोन विनंत्या. परिचयातला 'बंड' तेवढा काढा. त्या आशेनं पुस्तक उघडणारी मुलं पन्नासाव्या पानावर कंटाळतील. आणि तुमच्या यादीतली नावं पुन्हा एकदा बघा: पांडुरंग, 'शाळा'तला मुकुंद, 'वनवास'मधला लंपन, सगळे मुलगेच. भावाकडून, वर्गमित्राकडून मागून ही पुस्तकं वाचलेल्या माझ्या पिढीच्या बायका अजून तुमचा पेपर घेतात. त्यांना लिहायला सांगा. स्वतःचं वाढणं त्यांना कुठल्या पुस्तकात सापडलं, की सापडलंच नाही, हे वाचायला मला आवडेल. जागा कमी पडली तर माझं पत्र खुशाल कापा.

आपली,
एक जुनी वाचक