डबा मी आणलाय

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, कपाटात औषधांच्या मागे ठेवलेला तुमचा चॉकलेटचा डबा शोधत बसू नका. तो माझ्याकडे आहे. रविवारी तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी तो पिशवीत टाकला. तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही रागावला नसता, नुसते चष्मा पुसत बसला असता. ते मला बघवलं नसतं.

पण शनिवारी रात्री मी बघितलं ना. चांदीचा कागद चुरचुरला आणि पायरीवर घोरत पडलेला खंड्या एका उडीत तुमच्या मांडीशी! अर्धा चौकोन तुम्हाला, अर्धा त्याला. चॉकलेट आणलं होतं मीच, कडू, काळं, तुमच्या हृदयाला बरं म्हणून. म्हणजे मूळ चूक माझी.

तेवढ्याशा तुकड्यानं त्याला आजवर काही झालं नाही, हे कबूल. पण चॉकलेटमधल्या कोकोत थिओब्रोमीन असतं, ते कुत्र्यांना विषारी. कुत्र्याच्या अंगातून ते निम्मं उतरायलाच १७-१८ तास जातात. खंड्या ९ किलोचा. काळं चॉकलेट ३५-४० ग्रॅम पोटात गेलं तर उलट्या, जुलाब, धाप. १०० ग्रॅमची अख्खी वडी खाल्ली तर छातीची धडधड, झटकेसुद्धा. आणि आता त्याला डबा कुठे असतो ते ठाऊक झालंय. तुमच्या दुपारच्या झोपेत तो नाकानं कपाट उघडतो, ते आईला विचारा.

आई, तुझी केकची कोको पावडर त्याहून जहाल. १०-१२ ग्रॅमसुद्धा त्याला पुरे. ती वरच्या फळीवर जाऊ दे, पण तू स्टुलावर चढायचं नाहीस. गुडघ्याचं मागच्या वर्षीचं आठव. शेजारच्या पोराला हाक मार. मनीची काळजी त्यामानानं कमी, मांजरांना गोड चव कळतच नाही. पण लोणी-साय असलेलं ती चाटेल, आणि जीव तो केवढा, म्हणून आइस्क्रीमची वाटी तिच्यासमोर ठेवू नकोस.

बाबा, लिमलेटची गोळी सदऱ्याच्या टोकात धरून तुम्ही दातांनी फोडायचात आणि मोठा तुकडा मला द्यायचात. तुमचा हात वाटल्याशिवाय राहत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगते, चॉकलेटऐवजी बेदाणे देऊ नका. तासगावात दुसरं काय सुचणार! पण बेदाण्यानं आणि द्राक्षांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते.

कधी खाल्लंच त्यानं, तर काही होतंय का याची वाट बघू नका. त्रास दिसायला ६ ते १२ तास लागू शकतात. लगेच गुरांच्या डॉक्टरांना फोन करा, नंबर टीव्हीवर चिकटवलाय. वेष्टन टाकू नका, त्यांना दाखवा. मिठाचं पाणी पाजायचं नाही. आईचा तो उपाय माणसांनाही नको.

तुमचा चौकोन बंद नाही हं बाबा. फिरकीच्या झाकणाची बरणी पाठवतेय, ती फ्रिजमध्ये ठेवा. बीपीची गोळी मात्र जेवणानंतर, आठवणीनं.

आणि रात्री खंड्यासाठी भाकरीचा कडक कडा चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवा. तो आवाजाला येतो. कागद तेवढा तुमच्या हातात राहू द्या.

तुमची,
चिमी