‘राँग आन्सर’ आलं की पुढे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे-नवी मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत प्लेसमेंटच्या कोडिंग टेस्टची तयारी जोरात चालते. पण कोड तपासणाऱ्या सिस्टिमकडून ‘राँग आन्सर’ आल्यावर चूक शोधायची कशी, हे लॅबमध्ये फारसं शिकवलं जात नाही. मग मुलं कुठे एक वाढव, कुठे एक कमी कर, पुन्हा सबमिट कर, असे अंधारात दगड मारत बसतात. प्रश्नासोबत दिलेली सॅम्पल केस पास झाली ना, मग लॉजिक बरोबरच, ही समजूत पक्की.

स्ट्रिंगच्या, म्हणजे अक्षरांच्या रांगेच्या, प्रश्नांत ती हमखास दगा देते. मजकुरात एखादा पॅटर्न किती वेळा येतो ते केएमपी या झटपट शोधाच्या पद्धतीने मोजायचंय. जुळणी सापडल्यावर पॅटर्नचा इंडेक्स थेट शून्यावर आणला, की एकमेकींवर चढलेल्या जुळण्या निसटतात. ‘एएए’मध्ये ‘एए’ दोनदा आहे, प्रोग्राम १ छापतो. इंडेक्स न्यायला हवा प्रीफिक्स टेबलमधल्या (पॅटर्नची सुरुवात त्याच्याच शेवटाशी किती जुळते, ते सांगणारा तक्ता) शेवटच्या किमतीवर. सॅम्पलमध्ये अशी केस बहुधा नसतेच. सव्वीस अक्षरांतून रँडम स्ट्रिंग काढल्या तरी ती क्वचितच येते.

म्हणून अक्षरं दोनच घ्यावीत. लांबी १ ते ६ धरली तर स्ट्रिंग होतात १२६, मजकूर-पॅटर्नच्या जोड्या १५,८७६. प्रत्येक जागेपासून सरळ तुलना करणारा दहा-बारा ओळींचा संथ प्रोग्राम लिहावा, दोन्हींची उत्तरं ताडून पाहावीत आणि पहिल्या फरकाला थांबावं. लहान लांबीपासून सुरुवात केली, तर ‘एएए’ क्षणात हाती लागतो.

हॅशिंगमधली, म्हणजे स्ट्रिंगऐवजी तिच्यापासून काढलेला एक आकडा (हॅश) ताडून पाहण्यातली, गफलत मात्र एवढ्या छोट्या केसमध्ये बहुधा सापडत नाही. १,००,००,००,००७ या एकाच मॉड्युलसवर (हॅश ज्याने भागून बाकी घेतात तो आकडा) १ लाख वेगवेगळ्या स्ट्रिंग टाकल्या, तर जोड्या भरतात सुमारे ५०० कोटी. सरासरी पाच टकरी, म्हणजे वेगळ्या स्ट्रिंगना एकच हॅश, धरूनच चालावं. मॉड्युलस न घेता ६४ बिटांच्या ओव्हरफ्लोवर (न मावणारा भाग आपोआप गळण्यावर) विसंबलं, तर आणखी वाईट. १,०२४ अक्षरांची थ्यू-मोर्स स्ट्रिंग (‘ए’पासून सुरू करून दर वेळी पुढे तिचीच ए-बी अदलाबदल जोडत वाढवलेली) आणि तिच्यातले ए-बी अदलाबदल करून मिळणारी दुसरी, यांचा हॅश कुठल्याही विषम बेसला (ज्याच्या घातांनी अक्षरांना गुणतात तो आकडा) सारखाच येतो. मॉड्युलस २ च्या ६१व्या घातातून १ वजा करून घ्यावा आणि बेस प्रोग्राम सुरू होताना रँडम निवडावा. गुणाकाराला १२८ बिट लागतात, हे विसरू नये.

कॉलेजांनी जर्नलमध्ये नुसता आउटपुट चिकटवून घेण्याऐवजी संथ प्रोग्राम आणि कोड जिथे चुकला ती सर्वांत लहान केस लिहून घ्यावी, आणि त्याचे वेगळे मार्क द्यावेत. त्यासाठी सिलॅबस बदलायची वाट पाहावी लागत नाही.

– प्रोग्रामिंगचा एक शिक्षक, ऐरोली, नवी मुंबई